तारा लावायच्या, पण त्यासाठी चार चांगले दात काढायचे?

तेरा वर्षांच्या मुलीचे दात वेडेवाकडे आहेत म्हणून आईवडील तिला ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडे नेतात आणि तिथे त्यांना सांगण्यात येते की तारा लावण्याआधी चार दात काढावे लागतील. त्या दातांना कीड नाही, ते दुखत नाहीत, हलतही नाहीत, तरीही काढायचे. घरी आल्यावर आजी म्हणते की वरचे दात काढले की नजर अधू होते. शेजारच्या मुलाचे काम एकही दात न काढता झालेले असते. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, तर ते सांगतात की काढण्याची काही गरज नाही. दोघेही एमडीएस झालेले, दोघांनीही तेच एक्स-रे पाहिलेले. अशा वेळी दोघांपैकी एक जण फसवतो आहे असे वाटणे स्वाभाविक असले, तरी बहुतेक वेळा तसे नसते. दात काढायचे की नाही हा निर्णय मुळात आधीच्या एका निर्णयावर अवलंबून असतो आणि मतभेद तिथे झालेला असतो. उपचार संपल्यावर पुढचे दात नेमके कुठे उभे असावेत, हा तो आधीचा निर्णय. तो एकदा झाला की उरते ती बरीचशी बेरीज-वजाबाकी.

आजीच्या शंकेचे उत्तर लगेच देता येते. वरच्या दातांची संवेदना मेंदूकडे नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दात काढल्याने नजर कमी होत नाही. बाकीच्या प्रश्नांना मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

अक्कलदाढा सोडल्या तर माणसाच्या तोंडात कायमचे २८ दात असतात. प्रत्येक जबड्यात समोर चार पटाशीचे दात, त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक सुळा, सुळ्यामागे प्रत्येक बाजूला दोन उपदाढा आणि त्यांच्यामागे दोन मोठ्या दाढा अशी ही रांग असते. तारा लावण्यासाठी दात काढायचे ठरते तेव्हा बहुतेक वेळा पाळी येते ती पहिल्या उपदाढेची, आणि त्यामागे साधी व्यावहारिक कारणे आहेत. ती रांगेच्या साधारण मधोमध असल्याने तिची जागा पुढच्या दाटीसाठीही वापरता येते आणि गरज पडल्यास मागच्या दाढा पुढे सरकवण्यासाठीही. तिची रुंदी सुमारे सात मिलिमीटर असते, म्हणजे एका जबड्यातून दोन काढल्या तर सुमारे चौदा मिलिमीटर जागा मोकळी होते. शिवाय तिच्या लगेच मागे जवळजवळ तशीच दुसरी उपदाढ असते, त्यामुळे फट बंद झाल्यावर पाहणाऱ्याला दात कमी असल्याचे सहसा कळतही नाही आणि चावण्यातही जाणवण्याजोगा फरक पडत नाही. सुळा मात्र शक्य असेल तोवर कोणी काढत नाही, कारण त्याचे मूळ सर्वांत लांब असते आणि ओठांच्या कोपऱ्याचा आकारही काही अंशी त्याच्यावर टेकलेला असतो. सुळा वर अडकून बाहेर डोकावत असेल तर ‘तो वाकडा आहे ना, मग तोच काढून टाका’ असा आग्रह पालक धरतात. तो मान्य न करणारे डॉक्टर बरोबर असतात.

आता हिशोबाकडे येऊ. दातांची मापे घेऊन किंवा तोंडाचे स्कॅनिंग करून प्रत्येक दाताची रुंदी मोजली जाते आणि त्या सगळ्यांची बेरीज हाडाच्या कमानीवर उपलब्ध असलेल्या लांबीशी ताडून पाहिली जाते. जी तूट निघते तिला दाटी म्हणू. ढोबळ मानाने असे मानले जाते की दाटी चार मिलिमीटरपर्यंत असेल तर केवळ तेवढ्यासाठी दात काढण्याची वेळ क्वचितच येते, दहा किंवा त्याहून जास्त असेल तर काढल्यावाचून गत्यंतर सहसा नसते आणि मधल्या पट्ट्यात, म्हणजे पाच ते नऊ मिलिमीटरमध्ये, इतर गोष्टी पाहून ठरवावे लागते. या मधल्या पट्ट्यात रुग्णांची संख्या मोठी असते आणि दोन तज्ज्ञांची मते वेगळी पडतात ती मुख्यतः इथेच.

पण नुसत्या दाटीचा आकडा पाहून निर्णय घेतला तर फसगत होते, कारण जागा आणखी दोन ठिकाणी खर्च होते. खालची दंतपंक्ती बाजूने पाहिली तर ती अनेकांच्या बाबतीत सपाट नसून मध्ये खोलगट असते; तिला सपाट करताना थोडी जागा लागते. त्याहून मोठा खर्च पुढचे दात मागे घेण्याचा. पटाशीचे दात एक मिलिमीटर मागे न्यायचे तर डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन मिलिमीटर जागा लागते. उलट ते एक मिलिमीटर पुढे ढकलले तर तेवढीच जागा हाती येते. वाचकांनी लक्षात ठेवावा असा एकच आकडा निवडायचा झाला तर मी हा निवडेन.

दोन मुलींचे उदाहरण घेऊ. पहिलीच्या खालच्या दातांत दाटी फक्त तीन मिलिमीटर आहे आणि आरशात तिचे दात जवळजवळ सरळच दिसतात. मात्र दोन्ही जबड्यांचे पुढचे दात बाहेर झुकलेले आहेत, ओठ मिटायला तिला जोर लावावा लागतो आणि तसे करताना हनुवटीवर सुरकुत्या पडतात. हे दात तीन मिलिमीटर मागे घ्यायचे ठरले, तर त्यासाठी सहा मिलिमीटर जागा लागेल. दाटीचे तीन आणि खोलगट पंक्ती सपाट करण्याचा एक मिलिमीटर धरला की बेरीज दहा होते. दुसरीच्या दातांत दाटी सहा मिलिमीटर आहे, दात एकमेकांवर चढलेले स्पष्ट दिसतात, पण तिचे पटाशीचे दात आत, जिभेकडे कललेले आहेत आणि ओठ पातळ आहेत. तिचे दात दोन मिलिमीटर पुढे आणले तर चार मिलिमीटर जागा मिळते, उरलेली दोन दातांच्या कडा किंचित घासून मिळवता येते आणि हिशोब जुळतो. म्हणजे जिचे दात अधिक वेडेवाकडे, तिचा एकही दात काढावा लागत नाही, आणि जिचे जवळजवळ सरळ, तिचे चार काढावे लागतात. शेजारच्या मुलाशी केलेली तुलना निरुपयोगी ठरते ती यामुळे.

मग पुढचे दात कुठे उभे राहावेत हे कसे ठरवायचे? यासाठी डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, ज्याला सेफॅलोग्राम म्हणतात, तो पाहिला जातो. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफराट यांनी ही पद्धत एकाच सुमारास मांडली आणि त्यानंतर दात जबड्याच्या हाडावर किती कललेले आहेत, ओठ नाकाच्या व हनुवटीच्या तुलनेत किती पुढे आहेत हे कोनांत आणि मिलिमीटरमध्ये मोजणे शक्य झाले. त्या मोजमापांसाठी सर्वसामान्य म्हणून धरले गेलेले आकडे मात्र सुरुवातीला प्रामुख्याने गोऱ्या अमेरिकनांच्या चेहऱ्यांवरून आले होते. आपल्याकडे अनेकांचे ओठ आणि दात त्या मापांच्या मानाने थोडे पुढेच असतात आणि ते आपल्या चेहऱ्यांना शोभतातही. परक्या चेहऱ्यांच्या सरासरीला मराठी चेहरा बसवण्यासाठी दात काढणे हे मला वैद्यकीय कारण वाटत नाही. पण ओठ मिटताना ताण येत असेल, झोपेत तोंड उघडे राहत असेल किंवा पुढे आलेल्या दातांना वारंवार मार लागत असेल, तर ती कारणे खरी आहेत.

चेहऱ्याइतकाच महत्त्वाचा मुद्दा हाडाचा आणि हिरडीचा आहे, जरी तो पालकांच्या कानावर फारसा जात नाही. खालच्या पटाशीच्या दातांसमोरचे हाड अतिशय पातळ असते. दात काढायचे नाहीत म्हणून सगळी दाटी पुढच्या दिशेने उलगडली, तर दात सरळ दिसतील, पण त्यांची मुळे हाडाच्या बाहेरच्या कडेला जाऊन टेकतील. ज्यांची हिरडी मुळात पातळ आहे त्यांच्यात ती काही वर्षांनी खाली सरकण्याची आणि मूळ उघडे पडण्याची शक्यता वाढते. ‘काहीच गमावले नाही’ असे वाटणाऱ्या उपचाराची किंमत कधीकधी अशी उशिरा मोजावी लागते. याच्या उलट, ज्याचा चेहरा आखूड आहे, वरचे दात खालच्या दातांना जवळजवळ झाकून टाकतात आणि नाक-हनुवटी ठळक आहेत, त्याचे दात काढून पुढचे दात मागे घेतले तर ओठ आत गेल्यासारखे दिसू शकतात आणि खोल चावाही अधिक खोल होऊ शकतो. वयानुसार नाक आणि हनुवटी वाढत जातात आणि ओठांची भर कमी होते, त्यामुळे पंधराव्या वर्षी ठीक दिसणारा सपाट चेहरा पस्तिसाव्या वर्षी जास्त सपाट दिसतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

तज्ज्ञांमधला हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याचा इतिहास ठाऊक असला की आजच्या मतभेदांचे आश्चर्य वाटत नाही. आधुनिक दंतसरळीकरणाचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल यांची ठाम श्रद्धा होती की प्रत्येक माणसाला सगळे दात ठेवूनच उत्तम चावा आणि उत्तम चेहरा लाभू शकतो. दात योग्य जागी आणले की हाड त्यांच्याभोवती आपोआप वाढेल, असे ते मानत. शिकागोचे कॅल्विन केस यांनी याला विरोध केला आणि १९११ मध्ये त्यांच्यात व अँगल यांच्या शिष्यांत मोठा जाहीर वाद झाला. त्या वेळी सरशी अँगल यांच्या बाजूची झाली. पण त्यांचेच एक शिष्य, ॲरिझोनातील चार्ल्स ट्वीड, यांना काही वर्षांनी दिसू लागले की आपण दात न काढता सरळ केलेल्या अनेक रुग्णांचे दात पुन्हा वाकडे झाले आहेत आणि तोंड पुढे आलेले दिसते. त्यांनी अशा रुग्णांना परत बोलावून चार पहिल्या उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि आधीचे व नंतरचे परिणाम सहकाऱ्यांसमोर मांडले. अँगल यांचेच दुसरे शिष्य, ऑस्ट्रेलियातील ॲडिलेडचे रेमंड बेग, वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले. तेथील आदिवासींच्या जुन्या कवट्यांत दात एकमेकांना घासून झिजलेले त्यांनी पाहिले आणि असा तर्क केला की मऊ शिजवलेल्या अन्नामुळे आजच्या दातांची ही झीज होत नाही, म्हणून जागा अपुरी पडते आणि दात काढणे ही त्या न झालेल्या झिजेची भरपाई आहे. भारतातील दंत महाविद्यालयांत बेग यांची तारांची पद्धत दीर्घकाळ शिकवली जात होती, त्यामुळे दात काढण्याकडे आपल्याकडच्या जुन्या पिढीचा कल अधिक असणे समजण्यासारखे आहे.

या मतांतरांचा रुग्णांवर किती परिणाम झाला हे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील विल्यम प्रॉफिट यांनी आपल्याच विभागाच्या चाळीस वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले. तिथे १९५३ मध्ये ३० टक्के रुग्णांचे दात काढले जात होते, १९६८ मध्ये ७६ टक्के रुग्णांचे, आणि १९९३ मध्ये हे प्रमाण पुन्हा २८ टक्क्यांवर आले. चाळीस वर्षांत तिथल्या मुलांचे जबडे आधी आकसले आणि मग रुंदावले असे तर झाले नव्हते; बदलली होती ती डॉक्टरांची मते आणि काही अंशी साधने. ज्यांची गरज दोन्ही टोकांना स्पष्ट असते अशा रुग्णांच्या बाबतीत फारसा बदल झालेला नसावा, पण मधल्या पट्ट्यातले सगळे रुग्ण कधी इकडे तर कधी तिकडे मोजले गेले.

दात काढण्याचे प्रमाण घटण्यामागे न्यायालयाचाही हात होता. १९८७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका रुग्णाने असा दावा केला की उपदाढा काढून केलेल्या उपचारामुळे तिच्या जबड्याचा सांधा दुखू लागला, आणि ज्यूरीने तिला साडेआठ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. त्यानंतर या विषयावर संशोधनाची लाटच आली आणि दात काढल्यामुळे सांध्याचे दुखणे जडते हा संबंध त्यातून सिद्ध झाला नाही. पण खटल्याची धास्ती संशोधनापेक्षा वेगाने पसरते.

आता जागा मिळवण्याच्या दुसऱ्या वाटा पाहू. त्यांतील सर्वांत स्वस्त वाट वयाशी बांधलेली आहे. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे दुधाच्या दाढा पडताना खालच्या जबड्यात दोन्ही बाजू मिळून साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जागा शिल्लक राहते. एरवी ही जागा मागच्या दाढा पुढे सरकून गिळंकृत करतात; पण त्या वेळी, म्हणजे साधारण दहा ते बारा या वयात, जिभेच्या बाजूने एक साधी तार बसवून दाढांना जागच्या जागी रोखले तर ती जागा पुढच्या दाटीसाठी वापरता येते. मध्यम दाटीच्या पुष्कळ मुलांचे दात एवढ्यावर वाचू शकतात. म्हणूनच ‘सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू’ हा घरोघरी मिळणारा सल्ला दर वेळी शहाणपणाचा नसतो. त्याचप्रमाणे किडलेली दुधाची दाढ ‘नाहीतरी पडणारच’ म्हणून वेळेआधी काढली आणि जागा राखली नाही, तर नंतर एखादी कायमची उपदाढ काढण्याची वेळ आपणच ओढवून घेतलेली असते.

दुसरी वाट वरचा जबडा रुंद करण्याची. टाळूच्या मधोमध दोन हाडांची शिवण असते आणि वाढत्या वयात ती पूर्ण जुळलेली नसते. टाळूला बसवलेल्या उपकरणातील स्क्रू रोज थोडा फिरवून ही शिवण उघडता येते आणि मध्ये नवे हाड तयार होते. पंधरा-सोळा वर्षांनंतर ही शिवण इतकी गुंतत जाते की नुसत्या दातांवर टेकलेल्या उपकरणाने ती उघडेल याची खात्री राहत नाही. मग टाळूच्या हाडात छोटे स्क्रू बसवावे लागतात किंवा शस्त्रक्रियेची मदत घ्यावी लागते. या उपायाबद्दल सध्या फार उत्साह दिसतो. जबडा खरोखर अरुंद असेल आणि वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत पडत असतील, तर हा उत्तम उपाय आहे. पण खालच्या जबड्याला अशी शिवण मोठ्या मुलांत नसते, तो तसा रुंद करता येत नाही, आणि खालच्या सुळ्यांमधले अंतर वाढवले तर ते काही काळाने पूर्वपदावर येऊ पाहते. वरचा जबडा रुंद असताना केवळ दात काढायचे नाहीत म्हणून तो आणखी रुंद करणे म्हणजे दाढा गालाकडे कलवणे.

दाढा मागे सरकवणे ही तिसरी वाट. पूर्वी यासाठी मुलांना डोक्याभोवती पट्टा बांधावा लागे, आता हाडात बसणाऱ्या बारीक स्क्रूचा आधार घेता येतो. काही मिलिमीटर जागा यातून मिळते, मात्र दाढेला मागे जायला जागा हवी म्हणून अनेकदा अक्कलदाढा काढाव्या लागतात. ‘दात न काढता उपचार’ अशा शीर्षकाखाली चार अक्कलदाढा काढलेल्या असणे हा थोडा विनोदच आहे, पण अक्कलदाढ गेल्याचे दुःख कोणाला होत नसल्याने तो खपून जातो. चौथी वाट दातांच्या कडा घासण्याची. दोन दातांच्या सांध्यावर मिळून साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल काढता येते आणि अनेक सांध्यांवर मिळून चार-पाच मिलिमीटर जागा होऊ शकते. पारदर्शक अलायनरच्या, म्हणजे तारांऐवजी दातांवर चढवायच्या साच्यांच्या, उपचारांत याचा वापर बराच होतो, आणि काळजीपूर्वक केले तर त्याने कीड वाढते असे दिसलेले नाही. कीड आधीच भरपूर असलेल्या तोंडात मात्र ते करू नये.

दात काढण्याबद्दल समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या भीतींपैकी सध्या सर्वांत प्रबळ आहे ती श्वसनमार्गाची: दात मागे घेतले की जिभेला जागा उरत नाही, श्वासाची वाट अरुंद होते आणि घोरणे, झोपेत श्वास अडणे सुरू होते. ऐकायला हे पटते. पण अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेपाच हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निम्म्यांची चारही बाजूंची एकेक उपदाढ नव्हती आणि निम्म्यांच्या सगळ्या होत्या, आणि झोपेत श्वास अडण्याच्या विकाराच्या निदानात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ऑर्थोडॉन्टिस्टांच्या अमेरिकन संघटनेने २०१९ मध्ये काढलेल्या श्वेतपत्रिकेतही हा विकार दात काढण्यामुळे होतो याला आधार नसल्याचे म्हटले आहे. हसताना तोंडाच्या कोपऱ्यांत काळ्या पोकळ्या दिसतात, या भीतीचेही तसेच; छायाचित्रे पाहून सर्वसामान्य लोकांना दात काढलेले आणि न काढलेले रुग्ण ओळखता येत नाहीत, असे अभ्यास सांगतात. चेहरा बसण्याच्या भीतीत मात्र तथ्यांश आहे. पुढचे दात जितके मागे जातात त्याच्या साधारण निम्मे ते दोन-तृतीयांश ओठ मागे जातो. हे कुणासाठी वरदान ठरेल आणि कुणासाठी नुकसान, ते सुरुवातीचा चेहरा पाहून ठरते. दात काढले म्हणजे पुढचे दात पूर्ण मागे गेलेच पाहिजेत असेही नाही. मोकळ्या जागेतील बराचसा भाग दाढा पुढे आणून भरता येतो आणि हे नियंत्रण कौशल्याचे काम आहे. वाईट दिसणाऱ्या पुष्कळ चेहऱ्यांमागे दोष या नियंत्रणाचा असतो.

दात काढण्याचे खरे तोटे यापेक्षा साधे आहेत. उपचार काही महिने लांबतो, कारण फटी बंद करायला वेळ लागतो. दात लांब अंतर सरकवताना मुळांची टोके झिजण्याचा धोका थोडा वाढतो. रिटेनर, म्हणजे उपचारानंतर दात जागच्या जागी धरून ठेवणारे साधन, न वापरल्यास बंद केलेली फट किंचित उघडू शकते. आणि काढलेला दात परत लावता येत नाही.

‘दात काढले म्हणजे परिणाम टिकतो’ असे काही जुने डॉक्टर सांगत असत, तेही पुरते खरे नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार झालेल्या रुग्णांचे दात रिटेनर बंद केल्यानंतर दहा वर्षांनी तपासले, तेव्हा समोरचे खालचे दात समाधानकारक सरळ राहिलेले रुग्ण ३० टक्क्यांहून कमी निघाले. हा अभ्यास १९८१ चा आहे, पण त्यातून आलेला नियम आजही लागू आहे: दात काढा किंवा न काढा, रिटेनर वर्षानुवर्षे वापरावा लागतो. पुन्हा झालेल्या वाकडेपणाचे खापर अक्कलदाढांवर फोडण्याची प्रथा आहे, पण ज्यांना अक्कलदाढा नसतात त्यांचेही खालचे दात वयानुसार दाटतात, आणि केवळ पुढची दाटी टाळण्यासाठी निरोगी अक्कलदाढ काढण्याला पुरावा नाही.

शिवाय नेहमीच चार उपदाढा काढल्या जातात असेही नाही. वरचे दात बरेच पुढे असून खालची पंक्ती ठीक असेल आणि वाढीचे वय संपले असेल, तर फक्त वरच्या दोन उपदाढा काढून भागते. प्रौढांमध्ये कधीकधी खालचा एकच पटाशीचा दात काढला जातो. एखाद्या मुलाच्या पहिल्या दाढेचे इनॅमल जन्मतः कच्चे असेल किंवा तिचे रूट कॅनाल होऊनही तिचा भरवसा नसेल, तर निरोगी उपदाढ काढून ती रोगी दाढ तोंडात ठेवणे विचित्र ठरेल. तंत्र अवघड झाले तरी चांगला डॉक्टर तिचाच विचार आधी करतो. वरचा कायमचा सुळा टाळूकडे भरकटत असल्याचे दहा ते तेरा या वयात लक्षात आले, तर फक्त दुधाचा सुळा काढल्याने तो अनेकदा आपल्या वाटेवर येतो. एरिक्सन आणि क्युरोल या स्वीडिश संशोधकांनी १९८८ मध्ये असे ७८ टक्के सुळे मार्गावर आल्याचे नोंदवले होते. आणि जबड्यांच्या हाडांतच मोठी तफावत असेल, तर दात काढून ती झाकावी की शस्त्रक्रियेने दुरुस्त करावी हे आधी ठरले पाहिजे, कारण दोन्हींसाठी काढायचे दात वेगळे असतात. खालचा जबडा पुढे असलेल्या रुग्णाचे खालचे दोन दात काढून टाकल्यावर ‘आता शस्त्रक्रियाच करू’ असे म्हटले, तर मागे फिरणे अवघड होते.

म्हणून दात काढण्याचा सल्ला मिळाला की ‘का काढायचे’ यापेक्षा ‘पुढचे दात आत्ता कुठे आहेत आणि तुम्ही ते कुठे नेणार आहात’ असे विचारावे आणि एक्स-रेवर दाखवायला सांगावे. जागेचा हिशोब मिलिमीटरमध्ये मागावा. न काढण्याचा सल्ला देणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारावा, कारण जागा कुठून येणार हे त्यालाही सांगता आले पाहिजे. तपासणीआधीच ‘दात न काढता उपचाराची हमी’ देणाऱ्या जाहिरातींचे मला म्हणूनच नवल वाटते. प्रकरण खरोखर मधल्या पट्ट्यातले असेल आणि हिरडी व चेहरा परवानगी देत असतील, तर दात न काढता सुरुवात करून पाच-सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे आणि चेहरा पाहून ठरवणे हा प्रामाणिक मार्ग आहे. उपचार त्यामुळे थोडा लांबू शकतो, पण उलट क्रमाने हे करता येत नाही.

काढायचे ठरलेच, तर ऑर्थोडॉन्टिस्ट बहुधा स्वतः दात न काढता दुसऱ्या दंतवैद्याच्या नावाने चिठ्ठी देतात आणि तिच्यावर १४, २४, ३४, ४४ असे आकडे असतात. पहिला अंक तोंडाचा चतुर्थांश सांगतो: १ म्हणजे वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा आणि ४ खालचा उजवा. दुसरा अंक मधल्या रेषेपासून मोजलेला दाताचा क्रमांक, म्हणून ४ ही पहिली उपदाढ आणि ५ ही दुसरी. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडात एखादी दुधाची दाढ अजून टिकून असते, सुळा अर्धवट आलेला असतो आणि मोजणीत गफलत होण्याची शक्यता तिथेच असते. भुलेचे इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना हातात आरसा घेऊन तो दात मुलाला आणि तुम्हाला बोट लावून दाखवायला सांगा, आणि चिठ्ठीवरच्या आकड्याशी तो स्वतः मोजून पाहा.